तीन खडे

फार मागे, पाटाच्या बांधावर मुंग्यांचं एक चिमुकलं वारूळ होतं. पाटाला पाणी सुटलं की ते बुडायचं. म्हणून तिथे रीत होती, की दर घराने एक दाणा काढावा आणि त्या दाण्यांवर जगून भिकोबा मुंगळ्याने उंचावर जायची वाट शोधावी. जी वाट फसेल, तिच्या तोंडाशी त्याने खडा ठेवावा.

तीन हंगामांत भिकोबाने तीनच खडे ठेवले; उंचावर नेणारी वाट काही सापडली नाही. आपण फुकटचं खातो असं वाटून म्हाताऱ्याला घास गोड लागेना. एका सकाळी तो दाणे घेऊन वारुळाच्या मुखीण येसूबाईंकडे गेला.

"बाई, हे परत घ्या. वाट नसेलच, किंवा मलाच दिसत नसेल."

"गुमान खा, भिकोबा! मोठ्या वारुळांत दहा शोधे असतात. आपल्याकडे तू एकटा. तू उपाशी राहिलास तर शोधायचं कुणी?"

तेवढ्यात ओरडा झाला, "पाणी सुटलं!"

मुंग्या अंडी धरून धावल्या. खडा दिसला की कुणी घुटमळलं नाही, सरळ पुढे गेलं. उरली बाभळीच्या मुळावरची वाट. ती कुठे निघते हे भिकोबालाही ठाऊक नव्हतं, तरी धापा टाकत तो पुढे झाला. वाट थेट कोरड्या ढोलीत निघाली.

खाली पाणी पसरलं होतं. अंडी पुसत एक मुंगी म्हणाली, "काका, नेहमी मी ओढ्याकडच्या वाटेने पळायचे. आज तिथे तुमचा खडा दिसला, म्हणून वळले."

परत करायला आणलेले दाणे अजून भिकोबापाशीच होते. त्यातला एक त्याने तोंडात टाकला. कित्येक दिवसांनी त्याला घास गोड लागला.