रेघेपलीकडचे ताट

एका राज्यात अन्न उदंड होते, पण अन्नाला कस नव्हता. लोक ताटभर जेवत, ढेकर देत आणि उपाशी माणसासारखे झिजत जात. भात चवीला गोड लागे, अंगी मात्र लागत नसे. शाप मांत्रिकाचा होता, पण करणी राजा धर्मकेतूचीच.

झाले असे, की राजाच्या पंगतीला एक मांत्रिक येऊन बसला. त्याने विचारले, "राजा, तुझ्या ताटातल्या कोणत्या घासात किती कस आहे, ठाऊक आहे?"

राजा हसला. "आमच्या ताटातले सगळेच पौष्टिक. तू उष्ट्या साली चाट, तुला कळेल."

मांत्रिकाने ओंजळीतले पाणी जमिनीवर सोडले. "तुझ्या राज्यातल्या अन्नाचा कस गेला. माणसाने न पेरलेल्या दोनच गोष्टींत तो उरेल. एक, काळ्या डोंगरावरचे सोनफळ. दुसरी, जळक्या रानातल्या वारुळावरची अळंबी. त्या दोहोंचा कस खरा सांगशील, तेव्हा शाप सुटेल. उत्तर तीनदाच देता येईल. तिसरे चुकले, तर शाप कायमचा." आणि उत्तरे पारखायला आपला बोलका धनेश पक्षी सिंहासनाच्या माथ्यावर बसवून तो चालता झाला.

राजा डोंगराकडे जायला धजेना, प्रधान तर त्याहून नाही. तेव्हा राणी केतकी निघाली. तिला नीळ आणि पिंगळ असे जुळे मुलगे होते आणि त्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. दुसरे कारण तिला लागले नाही. डोंगरावरच्या झाडाने फळाच्या बदल्यात तिच्या केसांचा काळेपणा मागितला. तिने दिला. वारुळातल्या नागाने अळंबीच्या बदल्यात तिची झोप मागितली. तीही दिली. पांढऱ्या केसांची राणी परत आली, तिने अंगणात झाडाची फांदी रोवली आणि शेजारी वारुळाची माती पसरली. रोज एक फळ धरू लागले, रोज एक अळंबी उगवू लागली.

आता तिसरे काम उरले, कस सांगण्याचे. दरबारात तागडी आली, वजने आली, वाद झाले.

धनेश म्हणाला, "कस तागडीला कळत नाही. अंगाला कळतो."

"मग दोन सारखी अंगे हवीत," प्रधान म्हणाला. "एका कुशीतली, एका वेळची." सगळ्यांनी राणीकडे पाहिले.

राणी म्हणाली, "पोरांना खाऊ घालायलाच तर आणले आहे." तिला यात वावगे काही दिसले नाही. निदान दोन पोरे तरी जेवतील, एवढेच तिच्या मनात होते.

पण राजपुत्र जन्मापासून एकाच ताटात जेवत आलेले. प्रधान म्हणाला, "अशाने परीक्षा बाटेल." राजाने राणीला कुळदेवतेची शपथ घातली आणि राणीने आपल्या हातांनी दोघांमध्ये राखेची रेघ ओढली. अलीकडे नीळ, त्याला फळ. पलीकडे पिंगळ, त्याला अळंबी.

नीळने विचारले, "आईसाहेब, पिंगळला अर्धे फळ देऊ?"

"नको."

"मग त्याची अळंबी चाखू? बोटभरच."

"रेघ ओलांडायची नाही, बाळराजे."

थोड्याच दिवसांत नीळचे गाल चमकू लागले, डोळ्यांत तेज आले. अर्धा दरबार फळाचा झाला. राजा ओरडला, "फळ थोर!"

"चूक," धनेश म्हणाला.

मग पिंगळचे दंड भरले, छाती रुंदावली. उरलेला अर्धा दरबार अळंबीचा होताच. राजा म्हणाला, "अळंबी थोर!"

"चूक."

आता एकच उत्तर उरले आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. प्रधान म्हणाला, "घाई नको, महाराज. दोघांतला एक पडेपर्यंत थांबू. उभा राहील त्याचे अन्न थोर." वा रे शहाणपण! ज्याचे जळते त्याला कळते, इतरांना परीक्षा लांबली तरी काय बिघडते? राजा बाप होता. पण त्याआधी राजा होता आणि त्याच्याही आधी भित्रा होता. त्याने मान डोलावली.

नीळचे हातपाय काटक्या झाले, पावले सुजली. पिंगळच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, खरचटलेले भरेना. राणीला झोप नव्हती, ती सगळे बघत होती. ह्याला जे कमी पडते ते त्याच्या ताटात आहे आणि त्याला कमी पडते ते ह्याच्या, हे आंधळ्यालाही कळले असते. तिला तर केव्हाच कळले होते. पण शपथ मोडली आणि उत्तर बाटले, तर राज्यातली सगळीच लेकरे जातील, या भीतीने तिचा हात पुढे होईना. वाऱ्याने रेघ पुसट झाली, तेव्हा तिने वाकून ती पुन्हा ठळक केली.

एका सकाळी नीळ ताटावर आलाच नाही. राणी रेघ तुडवत धावली, अळंबी कुस्करून त्याच्या ओठांशी धरली. "खा, माझ्या राजा. खा."

"आता गिळवत नाही, आई," नीळ म्हणाला. घास तोंडात तसाच राहिला आणि पोर गेले.

राणीने उरलेले फळ पिंगळच्या तोंडात घातले. त्याचे रक्त थांबले. मग ती धनेशाकडे वळली.

"ऐक. फळात तेज आहे, बळ नाही. अळंबीत बळ आहे, तेज नाही. दोन्ही अपुरी. एकट्याने कोणतेच अंग पोसत नाही."

"खरे," धनेश म्हणाला. शाप सुटला.

प्रधानाने घाईघाईने विचारले, "पण दोघांत थोर कोण?"

"ते मांत्रिकाने विचारलेच नव्हते," असे म्हणून पक्षी उडून गेला.

राज्याची घडी बसली. दाण्यात कस आला, गाईंच्या दुधावर साय धरू लागली, रांगती पोरे उभी राहिली. महाराजांच्या चातुर्याने शाप सुटला, अशी दवंडी पिटली गेली. राणीचे केस पुन्हा काळे झाले, झोपही परत आली. पिंगळ तिच्यावाचून घास घेईना, म्हणून तिला रोज जेवावे लागे. हळूहळू तिचे गाल भरले, दंडावरच्या वाक्या घट्ट झाल्या. दासी म्हणत, "राणीसाहेब, तब्येत किती छान सुधारली!" राणीला आपल्याच अंगाची चीड येई, कारण खाल्लेला प्रत्येक घास आता तिच्या अंगी लागत होता.