तिखट हातांची पंगत

“मग आळशांनाही वाढायचं का, माय?”

यशोधननं हे उत्तरासाठी विचारलंच नव्हतं. उत्तर त्याच्यापाशी तयार होतं आणि पंधरा दिवसांपासून तो ते राबवतही होता.

गोदामाय मठाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले, पण मठ तिच्याच शब्दावर चालायचा. इथल्या दुपारच्या पंगतीला आजवर कोणी कोणाचं नावगाव विचारलं नव्हतं. मग नागपूरहून यशोधन आला. समाजशास्त्रात पहिल्या वर्गात एम.ए. झालेला. मायचा शिष्य व्हायला म्हणून आला आणि आल्या आल्या मठ सुधारायला निघाला.

त्यानं नियम केला. जेवणाआधी प्रत्येकानं एक सूप तांदूळ निवडायचा. निवडेल तो जेवेल.

“फुकट खाणारा माणूस कायमचा लाचार होतो,” तो म्हणाला. “नियम लागला आणि पंगत अर्ध्यावर आली. म्हणजे अर्धे लोक आयतोबाच होते. आता हा नियम कायमचा करा, माय.”

मायनं शेजारची काठी ओढून मांडीवर घेतली.

“माय?”

“जे गेले ना,” ती म्हणाली, “त्यातला एक आयतोबा मले आणून दाखव. मंग करू कायमचा.”

“आत्ता आणतो.”

“जाय.”

यशोधन तडक निघाला. आळशी माणसं कुठे सापडतात हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. तो पारावर गेला. पारावर कुत्रं झोपलं होतं. पानठेल्यावर दोघे भेटले, पण ते रोज नेमानं सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांतलेच निघाले. “बरा टाइमपास होते जी मठात,” त्यातला एक म्हणाला.

यशोधनला ते ऐकून कसंसंच झालं. पण माघार घेणाऱ्यांतला तो नव्हता.

गावाबाहेर मिरचीचा सातरा होता. सातरा म्हणजे मोठं मोकळं आवार. तिथे मिरचीचे ढीग वाळत घालायचे आणि बायांनी ओळीनं बसून एकेका मिरचीचा देठ खुडायचा. आत पाऊल टाकलं तसा यशोधनला ठसका लागला. नाकाला पदर बांधलेल्या दीडदोनशे बाया होत्या, आणि कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

एकीला त्यानं ओळखलं. पंचफुला. पूर्वी रोज पंगतीला यायची.

“बाई, तुम्ही मठात यायचं का सोडलं?”

“तुमीच त हाकललं जी.”

“मी? मी कधी हाकललं?”

“मी सूप घेतलं होतं. तुमी म्हटलं, हे हात तांदळाले लावू नका.”

यशोधनला आठवलं. नियमाच्या दुसऱ्याच दिवशी तांदळाची खीर तिखटजाळ झाली होती. पंगतीतल्या ठवरे गुरुजींना उचकी लागली होती. मग त्यानं मिरचीवाल्या बायांना सांगितलं, हात स्वच्छ धुऊन या. त्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत. कामचुकार, असं त्यानं मनात म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत.

“मग धुऊन यायचं होतं.”

पंचफुला हसली. रागानं नाही, लहान पोराला हसावं तशी.

“धुतल्यानं जाते काय हे? बसा. खुडून पाहा.”

तो बसला. हट्टानंच बसला. पहिली टोपली होईपर्यंत काही वाटलं नाही. दुसरीला बोटं चुरचुरायला लागली. तिसरीला नखांच्या कडा पेटल्या. कपाळावरचा घाम डोळ्याकडे ओघळला आणि त्यानं सवयीनं डोळा पुसला.

मग तो ओरडला. बाया हसल्या, पण दोघीतिघी लगेच धावल्याही. पंचफुलानं लोटा मनगटांत धरून त्याच्या डोळ्यावर पाणी ओतलं. बोट कुठे लागू दिलं नाही.

“घरी लेकरू रडलं त मी कोपरानं उचलते त्याले,” ती म्हणाली. “रातभर गार नाही होत हात.”

“डबा आणत नाही का तुम्ही?”

“पाचले उठून रांधते. लेकरांपुरतंच होते.”

“मग आता दुपारी?”

“दुपारी पाणी पितो.” तिनं पुन्हा मिरची हातात घेतली. “सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात मठात येऊन, जेऊन परत याचं. तुमचं सूप कवा निवडावं?”

पंधरा दिवस. पंधरा दिवस या बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबत होत्या आणि यशोधनच्या नियमानं उपाशी होत्या. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्याची आग त्यापुढे काहीच नव्हती.

दुपारची सुट्टी झाली. तो उठला.

“चला,” तो म्हणाला. “सगळ्या चला. सूपबीप काही नाही.”

“अन् हात?”

“तसेच.”

आधी कोणी हललं नाही. मग पंचफुलानं पदर झटकला, आणि तिच्यामागून बाकीच्या उठल्या.

मठात पंगत बसली होती. ठवरे गुरुजी नेहमीच्या जागी होते. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, घरी पेन्शन, सावलीत बसून संथपणे तांदूळ निवडायचे आणि जेवून जायचे. त्यांच्याशेजारी पानठेल्यावरचे ते दोघे. पंगतीत हातावर पोट असलेलं एकही माणूस नव्हतं. ही पंगत आपणच अशी गाळून काढली, हे यशोधनला आज पहिल्यांदा दिसलं.

मायनं ओट्यावरून विचारलं, “सापडला आयतोबा?”

“नाही, माय.” त्यानं मान खाली घातली. “गेलेल्यांत एकही नाही. जे राबत होते तेच मी घालवले. माझं चुकलं.”

“पण आता मला कळलं,” तो म्हणाला, आणि त्याची मान पुन्हा ताठ झाली. “आयतोबा इथे बसलेत.”

भाताचं भगुणं उचलून तो थेट गुरुजींसमोर जाऊन उभा राहिला.

“गुरुजी, उठा. तुम्हीही उठा दोघं. आजपासून या मठात फक्त कष्टाचे हात जेवतील. नियम मी बदलला आहे.”

गुरुजींचा घास हातातच राहिला. त्यांनी तो हळूच पानात परत ठेवला. आपली चोरी पकडली गेली असं त्यांच्या तोंडावर उमटलं. धोतर सावरत ते उठायला लागले, आणि घाईत त्यांना उठताही येईना.

“राहू द्या, मास्तर,” पंचफुला पुटपुटली. पण बसा म्हणायचा अधिकार तिला कोणी दिला होता? ती खाली बघत उभी राहिली.

बाया उभ्या, गुरुजी अर्धे उठलेले, आणि यशोधन भगुणं कमरेला लावून, कोणाला वाढायचं ते ठरवत.

तेवढ्यात ओट्यावर काठी वाजली.

गोदामाय उतरत होती. एक पायरी. मग थांबून दुसरी. दोन वर्षांत ती खाली आली नव्हती. तिचं पान वरच जायचं. यशोधन आधाराला धावला. तिनं हातानंच त्याला बाजूला केलं.

ती गुरुजींच्या शेजारी आली. त्यांचा हात धरून तिनं त्यांना खाली बसवलं, आणि त्यांच्याच हाताचा आधार घेऊन आपणही बसली. पंचफुलाला खुणेनं दुसऱ्या बाजूला बसवलं. मग एक रिकामी पत्रावळ ओढून तिनं स्वतःपुढे मांडली.

“माय, तुम्ही...”

“सकायपासून म्या इकडची काडी तिकडं नाही केली, बापू,” माय म्हणाली. “भूक मात्र लागली. वाढतं, का उठवतं?”