दिवाणाचा बोकाणा

राजाने देवाला लाख तांदूळ मोजून वाहायचा नवस केला. दहा कारकून तीन दिवस मोजत होते. एक शिंकला की पुन्हा एकपासून! शेवटी गोदा सोनारणीने शंभर दाणे मोजले, तेवढ्याच वजनाचे हजार खडे केले आणि लाख तांदूळ तासात तोलले.

दिवाण खवळला. "तोलणं म्हणजे मोजणं नव्हे, बाई! पुन्हा तोल. दाणा कमी भरला तर गाढवावरून धिंड काढीन!" आणि लोकांची नजर चुकवून त्याने ढिगातला एक बोकाणा तोंडात भरला.

गोदाने पुन्हा तोललं. पाच खडे काढले तेव्हा पारडी समान झाली.

"पाचशे दाणे गेले, महाराज. कुठं, ते दिवाणजींनीच सांगावं."

"बोला की!" राजा ओरडला.

दिवाणाने तोंड उघडलं आणि लाख पुरे झाले.