कीबोर्ड कुणी दाबायचा?

कॉलेजातल्या संगणकांचा सगळा कारभार सबनीस सरांकडे होता आणि मुलं सतत त्यांच्याच मागे असत. पण जीवशास्त्राच्या निलोफर मॅडमनी यूएसबीला जोडायचा सूक्ष्मदर्शक आणला. डबक्यातले जीव पडद्यावर वळवळताना दिसताच गर्दी तिकडे वळली. सबनीसांच्या पोटात दुखू लागलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलांच्या लॉगिनवर सूक्ष्मदर्शक बंद करून टाकला.

"यूएसबीची उपकरणं फक्त माझ्या लॉगिनवर चालतील. सुरक्षेचा नियम आहे!"

मुलं रडवेली झाली. मॅडम सबनीसांना घेऊन थेट प्राचार्यबाईंकडे गेल्या. बाई पत्र टाईप करत होत्या.

"सर, नियम सगळ्यांना सारखा ना?" मॅडमनी विचारलं.

"अगदी प्राचार्यबाईंनासुद्धा!" सबनीस ऐटीत म्हणाले.

"मग बाई, हात काढा. तुमचा कीबोर्ड यूएसबीचाच आहे. यापुढे तुमची पत्रं सबनीस सर टाईप करतील."

बाई हसू दाबत खुर्चीतून उठल्या. "या सर, बसा. आज बरीच पत्रं आहेत."

सबनीसांचा चेहरा पडला. "मी... मुलांना परवानगी देऊन येतो," म्हणत ते निघाले.

प्रदर्शनात सूक्ष्मदर्शकापुढे लांबच लांब रांग लागली. ती पाहून सबनीसांचा पुन्हा जळफळाट झाला, पण आता आडवा घालायला नियमच उरला नव्हता.