अर्धा वेढा मागे

फार फार मागे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका राज्यात मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव वसलं होतं. तळ्याच्या बांधात एक लोखंडी दार होतं. ते उचललं की पाणी पाटातून शेतांकडे जाई. एका वर्षी ते दार उचलणारा लाकडी रहाट कुजून मोडला, आणि नेमकं त्याच वर्षी तळं काठोकाठ भरलं. बांधाला तडा गेला. दार उघडलं नाही तर गाव वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

राजाने हत्ती लावून पाहिले. साखळदंड तुटले, पण दार हललं नाही.

गावात सुभाना नावाचा लोहार होता. अंगात बळ भरपूर, धीर मात्र जेमतेम. तो म्हणाला, "महाराज, मळसूत्राने उचलतो दार."

दाराला जोडायची जाड कांब त्याने घडवली. झाडाला वेल चढत जावी तसे कानशीने तिच्या अंगावर आटे पाडले. उरली ती चाकी, म्हणजे मधोमध भोक असलेला लोखंडाचा ठोकळा. त्या भोकात आतून तसेच आटे पाडायचे. मग कांबीवर चाकी फिरेल तशी कांब वर येणार.

आतले आटे पाडायची पोलादी हत्यारं त्याच्याकडे दोनच होती. त्याच्या चिमाआत्याने आपल्या उमेदीत ती घासून घासून घडवलेली.

सुभानाने पहिलं हत्यार भोकात उभं केलं, दांडा धरला आणि फिरवत सुटला. पुढे, पुढे, आणखी पुढे. लोखंड कुरकुरलं. त्याने दातओठ खाऊन रेटलं. कडाड्! हत्यार भोकातच मोडून रुतलं.

सुभाना मटकन खाली बसला. आत्याने दुसरी चाकी आणि उरलेलं हत्यार त्याच्यापुढे ठेवलं.

"आत्ये, आता तूच कर."

"माझ्या मनगटात जोर राहिला नाही, बाबा. तूच कर, पण माझं ऐकून. एक वेढा पुढे गेलास की अर्धा मागे ये."

"मागे? तिकडे तडा रुंदावतोय, आणि मी मागे फिरवू?"

"कापलेला कीस जाणार कुठे? आतच साचतो आणि हत्याराचा गळा धरतो. मागे आलास की तो तुटून पडतो. वाट मोकळी होते."

सुभानाने एक वेढा पुढे घेतला, अर्धा मागे. आत हलकेच 'कट्' झालं आणि लोखंडाची एक चकचकीत, ऊन ऊन कुरळी बट त्याच्या तळहातावर पडली. तो बघतच राहिला. जन्मभर त्याने लोखंडाला बडवलं होतं. त्याचं ऐकलं मात्र आजच.

इतक्यात सेनापती घोडा फेकत आला. "अरे, हा उलटा फिरवतोय! पुढे रेट, नाहीतर मान उडवीन!"

सुभानाने दांडा मागेच घेतला. "सरकार, माझी मान उडवलीत तरी हत्यार मागेच घ्यावं लागेल. त्याला हुकूम कळत नाही."

सेनापतीचा हात तलवारीकडे गेला. आत्याने त्याच हातात तेलाची बुधली दिली. "उभेच आहात, तर धार धरा."

काय वाटलं कोण जाणे, सेनापती गुडघ्यावर बसला आणि तेल ओतू लागला.

अखेर हत्यार आरपार गेलं. सुभानाने चाकी उजेडाकडे धरली. त्या काळ्या भोकात एक लखलखता जिना गोल गोल वर चढत होता. शंखाच्या पोटात असतो तसाच, आणि तो त्याच्या हातून उतरला होता!

चाकी बांधावर नेऊन दाराला जोडलेल्या कांबीवर बसवली, तिला आडवे दांडे लावले. सुभाना आणि म्हातारी आत्या, दोघंच ते ढकलत गोल फिरू लागली. जमिनीतून कोंब यावा तशी कांब वर येऊ लागली. खाली दाराने जागा सोडली आणि पाणी गर्जत पाटात शिरलं. राजाने जोडे काढले आणि हात जोडले.

दिवेलागणीपर्यंत तळं उतरलं. बांध टिकला. त्या संध्याकाळी गावात घरोघरी चुली पेटल्या.

लहानथोरांनो, एवढंच गाठीला बांधा: वेळेवर मागे येणं ज्याला जमतं, तोच शेवटपर्यंत पुढे जातो.