न आलेल्यांची भाकर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. ऐकणारे लहान असोत की मोठे, गोष्ट सगळ्यांना पुरेल एवढी आहे.

दोन टेकड्यांच्या बेचक्यात चाळीस घरांचं एक गाव होतं. गावात एक दगडी प्रार्थनाघर होतं. आत सोनं नव्हतं, चांदी नव्हती. एका भिंतीवर साधा लाकडी क्रूस होता आणि समोरच्या भिंतीत चाळीस खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर एकेका घराचं फडकं टांगलेलं असे. कोणाचं जुन्या लुगड्याचं, कोणाचं धोतराचं.

प्रभूच्या दिवशी घंटा झाली की माणसं येत. आपापलं फडकं खुंटीवरून काढून पुढ्यात पसरत. प्रार्थना झाल्यावर त्यात ज्वारीची भाकर वाटली जाई, सगळे मिळून खात, आणि फडकं झटकून पुन्हा जागेवर जाई.

एखादं फडकं खुंटीवरच राहिलं, तर ते घर आलं नाही असं समजायचं. मग त्याच फडक्यात भाकर बांधायची, त्या घरी न्यायची, घटकाभर बसायचं, कसं काय विचारायचं आणि फडकं परत आणायचं. हा रिवाज प्रार्थनाघर बांधणाऱ्यांनीच घालून दिला होता. त्याला त्यांनी एक अट जोडली होती. भाकर देताना काही मागायचं नाही. "प्रार्थनेला या," असंही म्हणायचं नाही.

हे काम सलोमीकडे होतं. आईबाप गेल्यावर तिला म्हाताऱ्या पाळकबाबांनी वाढवलं होतं. प्रार्थनाघराला लागून असलेल्या खोलीत दोघं राहत. सलोमी मोठी भित्री. झाकण पडलं तरी तिचा हात छातीवर जाई. एकदा गावच्या कारभाऱ्याच्या मागच्या दारी त्याचा काळा कुत्रा भुंकत अंगावर आला, तेव्हा ती टोपलीसकट भिंतीला चिकटली.

"भ्यायचं तर भी," कुत्रा म्हणाला, "पण परत जाऊ नकोस. भुंकणं माझं काम आणि भाकर पोचवणं तुझं. दोघांनी आपापलं करावं."

त्या काळी कुत्रे बोलत, आणि पुष्कळदा शहाण्यासारखं बोलत.

पुढे दिवस पालटले. राजाने गावोगाव शाळा काढल्या, वैद्य बसवले, भांडणं मिटवायला चावडी बांधली. पूर्वी अक्षर शिकायला, औषध घ्यायला, तंटा सोडवायला लोक प्रार्थनाघरातच येत. आता ते सगळं बाहेर मिळू लागलं. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. माणसं नुसती येईनाशी झाली. खुंटीवर आधी पाच फडकी राहिली, मग बारा, मग तीस. एक दिवस चाळीसच्या चाळीस राहिली.

"बाबा," सलोमी म्हणाली, "घर रिकामं होतंय तसतसं माझं काम वाढतंय! आधी पाच घरं होती, आता अख्खं गाव झालं. एवढ्या भाकरी आणायच्या कुठून?"

"चतकोर चतकोर ने," पाळकबाबा हसून म्हणाले. "आपला प्रभू मेंढपाळ आहे, पोरी. आत किती राहिली हे तो मोजत बसत नाही, बाहेर कोण राहिलं ते शोधतो. आभार मान, त्याने तुला सगळं गाव दिलं."

अशा एका दिवशी कारभारी आला. माणूस कडक होता, पण न्यायाचा.

"पाळकबाबा, रागावू नका. पावसात गावचं धान्य भिजतंय आणि हे पक्कं घर रिकामं आहे. पुढच्या प्रभूच्या दिवशी मी पंचांना घेऊन येतो. सात घरांनी जरी फडकं खाली काढलं, तरी घर तुमचं. नाहीतर इथे धान्य भरू. तुम्हाला टेकडीपलीकडे झोपडी देतो."

"बरं," पाळकबाबा म्हणाले.

सलोमी हे ऐकत होती. टेकडीपलीकडून बाबांना चालवेल? या खुंट्या कुठे जातील? तिने चतकोर बांधले आणि ठरवलं, आज नियम मोडायचा. हात जोडून सात घरांना सांगायचं, की एकदा तरी या.

पहिलं घर गुडघे धरलेल्या एका म्हातारीचं.

"सलाम, आजी."

"ये गं बाई. दार उघडंच आहे. बाकीचे कोणी दिसले की मी कडी घालते. एक सारा मागतो, एक साक्ष मागतो, सुनेचा भाऊ बैल मागतो. तू तेवढी काही मागत नाहीस."

ओठापर्यंत आलेले शब्द सलोमीने गिळले.

दुसऱ्या घरी विणकर होता. वर्षापूर्वी त्याची लेक गेली, तेव्हापासून तो देवावर रुसलेला.

"काय गं, किती उरलात आता? दोघं?" तो माग न थांबवता म्हणाला. "देवाने माणसं गोळा करायला धाडलं वाटतं!"

"नाही काका. भाकर आणलीय."

माग थांबला. "तिलाही आवडायची ही भाकर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच लेकीबद्दल बोलत राहिला. सलोमी दुपारपर्यंत ऐकत बसली.

चाळीस दारं झाली. एकाही दारात तिच्याने मागणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊन सांगता आलं असतं. पण तिला वाटलं, मी आज तोंड उघडलं तर कालची भाकर खोटी ठरेल.

ठरल्या दिवशी घंटा झाली. कारभारी आला, दोन पंच आले, काळा कुत्रा येऊन उंबऱ्याशी बसला. बाकी कोणी आलं नाही. पाळकबाबांनी नेहमीसारखे सूर्याचे, ज्वारीचे आणि गावच्या वैद्याचेसुद्धा आभार मानले.

"एकही घर नाही," एक पंच म्हणाला.

कारभाऱ्याने भिंतीकडे पाहिलं. एका फडक्याशी तो थबकला. तांबडं, जरीची कड उसवलेली.

"हे तर माझ्या वडिलांच्या पागोट्याचं!"

सलोमी दचकली. "हो, कारभारी. तुमच्या घरचंच. दर आठवड्याला नेते मी, मागच्या दाराने. तुम्ही तेव्हा चावडीवर असता. तुमच्या आईंना चाववत नाही, म्हणून दुधात कुस्करून देते. त्या म्हणतात, माझा लेक सगळ्या गावाचं बघतो, त्याला कुठला वेळ." मग तिने टोपली उचलली. "तुम्ही ठरवा काय ते. मला निघायला हवं, ऊन चढलं की म्हातारी माणसं निजतात."

ती एकेक फडकं काढू लागली. तांबड्याशी आली तेव्हा कारभाऱ्याने ते आधीच काढलं होतं.

"हे घर मी करतो," तो म्हणाला.

मागच्या खोलीत त्याची आंधळी आई बसली होती. "आज पावलं जड का गं तुझी?"

"मी आहे, आई."

म्हातारी घाबरली. "तू? म्हणजे सलोमी आजारी आहे?"

"नाही. ती बाकीच्या घरांना गेलीय."

"मग बस. ती बसते तेवढा तरी बस."

तो संध्याकाळपर्यंत बसला.

दुसऱ्या दिवशी तो चावडीवर म्हणाला, "प्रार्थनाघराला हात लावायचा नाही. धान्याला माझा अर्धा गोठा घ्या."

"पण एकही घर आलं नव्हतं!" पंच म्हणाले.

"मी कोण आलं ते मोजत होतो. ती पोर कोण आलं नाही ते मोजत होती. गाव कोणाच्या जास्त ध्यानात आहे, तुम्हीच सांगा."

तेव्हापासून चावडीची बैठक एकाच प्रश्नाने सुरू होऊ लागली: "आज कोण आलं नाही?" मग कोणीतरी उठून त्या घरी जाई. प्रार्थनाघरात काही जण परतले, काही कधीच आले नाहीत. विणकर येई, विरलेली फडकी रफू करी आणि न बोलता जाई. भाकर मात्र चाळीसही घरी पोचत राहिली.

एका प्रभूच्या दिवशी सलोमी तापाने पडली. दारावर थाप पडली तशी ती दचकून उठली. बाहेर गुडघे धरलेली म्हातारी, विणकर, कारभारी आणि मागे शेपूट हलवणारा काळा कुत्रा. विणकराच्या हातात नवंकोरं फडकं होतं, एकेचाळिसावं, आणि त्यात भाकर.

कोणी काही मागितलं नाही. घटकाभर बसले आणि कसं काय विचारलं. सलोमीने डोळे मिटून प्रभूचे आभार मानले.

तात्पर्य: प्रार्थनाघर किती भरलं हे पाहू नये, तिथलं प्रेम किती दारांपर्यंत चालत गेलं हे पाहावं.