निळी अळंबी आणि कुजका ओंडका

कॅमेरे बोलत असत त्या काळी एक तोरेबाज कॅमेरा देवराईत शिरला. एका कुजक्या ओंडक्यावर त्याला निळी अळंबी दिसली. तशी कुणीच पाहिली नव्हती.

"ओंडकेबुवा, बाजूला व्हा. तुमच्या घाणीने फोटो बिघडतोय."

"ती माझ्या अंगातून उगवलीय. मी हललो तर ती मोडेल."

"मग तिलाच उपटून हिरव्या शेवाळावर ठेवतो. सगळे तसंच करतात."

"दादा," अळंबी म्हणाली, "मग तो माझा नाही, माझ्या मढ्याचा फोटो होईल."

कॅमेरा वरमला. चिखलात पोटावर पडून त्याने ओंडक्यासकट फोटो काढला.

ओंडका लाजला. "आधी सांगायचं होतंत. अंगावरची गोगलगाय तरी झटकली असती."

"राहू द्या," अळंबी म्हणाली, "ती घरचीच आहे."